जुनी गाडी ऑनलाइन विकताना चेसिस क्रमांक कोणाला, कधी आणि किती दाखवावा

आधार कार्डाची प्रत देताना पुढचे आठ आकडे झाकायचे आणि शेवटचे चार उघडे ठेवायचे, ही सवय आता आपल्या अंगवळणी पडली आहे. गाडी विकायला काढलेला माणूस नेमकी तीच सवय आरसी बुकाच्या फोटोवर वापरतो आणि चेसिस क्रमांकाच्या पुढच्या भागावर अंगठा ठेवून मागचे आकडे मोकळे सोडतो. गाडीच्या बाबतीत हे सर्वस्वी उलटे आहे, कारण चेसिस क्रमांकात जपण्यासारखे जे काही असते ते शेवटी असते.

हे मला आधी कोणी सांगितले नव्हते. जुळे सोलापुरातील आमच्या घरासमोर एके दिवशी दुपारी बार्शीहून एसटीने आलेले एक गृहस्थ उभे राहिले आणि दारातल्या गाडीकडे बोट दाखवून म्हणाले, “ही गाडी मी घेतली आहे, अकरा हजार रुपये विसारही दिला आहे.” त्यांच्या मोबाइलमध्ये आमच्या आरसीचा फोटो होता आणि त्या फोटोत एका कोपऱ्याला माझाच अंगठा होता, अर्धवट वाढलेल्या नखासकट. मी जाहिरातीत टाकलेली छायाचित्रे उचलून कोणीतरी निम्म्या किमतीची दुसरी जाहिरात चढवली होती, बदली झाल्यामुळे गाडी तातडीने विकायची आहे असे सांगितले होते, आणि विश्वास बसावा म्हणून आमचीच आरसी पाठवली होती. पत्ता त्यावरच छापलेला असल्यामुळे बिचारे थेट दारात आले. त्यांना चहा देऊन तक्रार नोंदवायला सोबत जाण्यापलीकडे मला काही करता आले नाही. हा लेख त्या दिवसानंतर शिकलेल्या गोष्टींचा आहे, आणि प्रथमच गाडी विकणाऱ्यांसाठी आहे.

आधी आपल्या गाडीचे क्रमांक ओळखावेत

गाडीला तीन ओळखी असतात. पाटीवरचा नोंदणी क्रमांक, म्हणजे आपल्याकडचा एमएच १३ ने सुरू होणारा, हा रस्त्यावरच्या प्रत्येकाला दिसतो. इंजिन क्रमांक हा इंजिनच्या धातूवर कोरलेला असतो आणि इंजिन बदलले तर तोही बदलू शकतो. चेसिस क्रमांक मात्र गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेला असतो आणि गाडी मोडीत निघेपर्यंत तोच राहतो. बहुतेक गाड्यांमध्ये तो बॉनेट उघडल्यावर इंजिनामागच्या पत्र्यावर, किंवा पुढच्या सीटखालचे कार्पेट उचलल्यावर सापडतो. आपल्या गाडीत तो नेमका कोठे आहे हे गाडीबरोबर मिळालेल्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते, आणि गिऱ्हाईक येण्यापूर्वीच तो एकदा शोधून, ओल्या फडक्याने पुसून, आरसीवरच्या क्रमांकाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावा. हे काम कंटाळवाणे आहे, पण आरसीवर एक अक्षर जरी चुकीचे छापले गेलेले असले तरी हस्तांतरणाचा अर्ज अडतो, आणि तो अडतो तेव्हा खरेदीदाराचे पैसे आपल्या खात्यात आलेले असतात.

ताडून पाहताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. चेसिस क्रमांक १७ चिन्हांचा असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही तीन अक्षरे कधीच वापरली जात नाहीत, कारण ती एक आणि शून्य यांच्यासारखी दिसतात. म्हणून ओसारखे काही दिसले तर ते शून्यच समजावे. पहिली तीन चिन्हे कंपनी सांगतात. मारुतीच्या गाड्यांवर एमए३, टाटाच्या गाड्यांवर एमएटी, ह्युंदाईच्या गाड्यांवर एमएएल असे आरंभ दिसतात. मधला भाग मॉडेल, बॉडी आणि इंजिनाचा प्रकार यांसारख्या गोष्टींचा असतो. शेवटचे आकडे त्या एकाच गाडीचा अनुक्रम सांगतात. म्हणजे पुढचा भाग आपल्यासारख्या हजारो गाड्यांचा सारखा असतो. तो झाकून आपण काहीच झाकलेले नसते.

शेवटच्या पाच आकड्यांना एवढे महत्त्व का

परिवहन विभागाच्या वाहन संकेतस्थळावर गाडीच्या एखाद्या कामासाठी अर्ज करायला गेल्यास आधी नोंदणी क्रमांक आणि पाठोपाठ चेसिस क्रमांकाचे शेवटचे पाच आकडे विचारले जातात. ई-चलान पाहतानाही गाडीच्या क्रमांकासोबत चेसिसचे किंवा इंजिनचे शेवटचे पाच आकडे टाकावे लागतात. नोंदणीशी जोडलेला मोबाइल क्रमांक बदलण्याच्या अर्जात तर नोंदणी क्रमांक, पूर्ण चेसिस क्रमांक, पूर्ण इंजिन क्रमांक, नोंदणीची तारीख आणि नोंदणीची वैधता अशी माहिती मागितली जाते, आणि ही सगळी माहिती आरसीच्या एका चांगल्या फोटोत एकत्र मिळते. त्यापुढे ओटीपी आणि इतर पडताळण्या असतात हे खरे, परंतु पहिल्या दाराची किल्ली आपणच जाहिरातीत टांगून ठेवायची आणि दुसऱ्या दारावर विसंबून राहायचे, यात शहाणपण नाही.

दुसरा धोका अधिक जुना आहे. चोरलेल्या गाडीला त्याच मॉडेलच्या, त्याच रंगाच्या दुसऱ्या गाडीची ओळख चढवायची असेल, तर चोराला एका खऱ्या गाडीची पाटी, चेसिस क्रमांक आणि इंजिन क्रमांक यांचा संपूर्ण संच हवा असतो. नुसती पाटी उचलली तरी दुसऱ्याने मोडलेल्या सिग्नलची चलाने आपल्या नावावर येऊ शकतात, आणि मग ती गाडी आपली नव्हेच, हे सिद्ध करण्याची पायपीट आपल्या वाट्याला येते.

तरीही पाटी झाकण्याबाबत मला फार हट्ट धरावासा वाटत नाही. पाटी रोज सात रस्त्याच्या गर्दीत शेकडो लोक पाहतात. ती झाकावी, पण ती झाकली म्हणजे काम झाले असे समजू नये. बारकाईने झाकायची ती आरसी, विमा पॉलिसी आणि पीयूसी प्रमाणपत्र. पॉलिसीवर तर पत्ता, चेसिस आणि इंजिन क्रमांक यांच्या जोडीला नामनिर्देशित व्यक्तीचे नावही असते, आणि लोक तिचा फोटो ‘इन्शुरन्स चालू आहे’ एवढे दाखवण्यासाठी बिनदिक्कत पाठवतात.

पहिली पायरी: जाहिरात

जाहिरातीत गाडीचे वर्णन भरपूर द्यावे आणि ओळख अजिबात देऊ नये. मॉडेल व त्याचा नेमका प्रकार, इंधन, निर्मितीचा महिना व वर्ष, नोंदणीचे वर्ष, कितवा मालक, किती किलोमीटर, विमा कोणत्या महिन्यापर्यंत, बँकेचा बोजा आहे की उतरवला आहे, एचएसआरपी (उच्च सुरक्षा नोंदणी) पाटी बसवली आहे की नाही, आणि ‘सोलापूर पासिंग’ एवढे लिहिले की जाणत्या गिऱ्हाइकाला पुरते. निर्मिती आणि नोंदणी यांची वर्षे वेगळी असतील तर ते स्वतःहून लिहावे. डिसेंबरात बनलेली आणि फेब्रुवारीत नोंदलेली गाडी एक वर्षाने नवी दाखवण्याचा मोह होतो, पण जाणकार माणूस चेसिस पाटीवरून आणि आरसीवरून ते पाच मिनिटांत ओळखतो आणि मग आपल्या बाकीच्या सांगण्यावरचाही त्याचा विश्वास उडतो.

छायाचित्रे काढताना पाटीवर जाड पुठ्ठा लावावा. मोबाइलमधल्या ब्रशने अर्धपारदर्शक रंग फासला, तर प्रकाश वाढवून खालचे आकडे वाचता येतात, म्हणून खोडायचेच असेल तर घट्ट काळ्या चौकोनाने खोडावे. समोरच्या काचेचा फोटो घेताना कोपऱ्यातला फास्टॅग आणि त्यावरचा क्रमांक चौकटीबाहेर ठेवावा. काही गाड्यांत काचेच्या खालच्या कडेला किंवा दाराच्या खांबावरच्या स्टिकरवरही चेसिस क्रमांक असतो, आणि दार उघडे ठेवून आतल्या सीटचा फोटो घेताना तो नकळत येतो. घराची पाटी, सोसायटीचे नाव आणि शेजाऱ्याची गाडीही फोटोत येऊ देऊ नये. सकाळच्या उन्हात मोकळ्या मैदानाच्या कडेला फोटो काढले तर ही सगळी तारांबळ टळते आणि रंगही खरा दिसतो. प्रत्येक फोटोवर जाहिरातीचा महिना आणि ‘विक्रीसाठी, सोलापूर’ असे शब्द मधोमध, बोनटवरून जातील असे टाकावेत. कोपऱ्यातले शब्द कापून टाकता येतात, मधले काढायला कष्ट पडतात. आमच्या फोटोंवर एवढे असते, तर बार्शीच्या त्या गृहस्थांना निदान शंका तरी आली असती.

आरसीचा फोटो जाहिरातीत टाकू नये. झाकूनही टाकू नये.

दुसरी पायरी: फोन आणि व्हॉट्सॲप

जाहिरात चढल्यावर पहिल्या तासातच जो माणूस गाडी न पाहता किंमत मान्य करतो आणि लगेच आरसी मागतो, तो बहुधा गिऱ्हाईक नसतो. खरे गिऱ्हाईक घासाघीस करते, टायर किती चालले ते विचारते, एसी थंड करतो का ते विचारते, आणि रविवारी येतो म्हणून सांगून सोमवारी येते. तरीही खऱ्या खरेदीदारालाही काही तपासायचे असते आणि त्याची मागणी रास्त असते, म्हणून सरसकट नकार देण्याऐवजी त्याचे काम आपणच करून द्यावे.

त्याला चलान बाकी आहे का हे पाहायचे असेल, तर आपण स्वतः ई-चलान संकेतस्थळ उघडून निकालाचा स्क्रीनशॉट, क्रमांक झाकून, पाठवावा. सर्व्हिसचा इतिहास हवा असेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून छापील प्रत आणून ठेवावी आणि प्रत्यक्ष भेटीत दाखवावी. विम्याचा हप्ता किती येईल हे पाहायचे असेल, तर मॉडेल, वर्ष आणि नोंदणीचे ठिकाण एवढ्यावर अंदाज मिळतो. एवढे करूनही तो नोंदणी क्रमांक मागत असेल तर बोलणे ठरल्यावर तो द्यायला हरकत नाही. सरकारी ॲपवर या क्रमांकावरून गाडीची माहिती दिसते, पण मालकाचे नाव अर्धवट झाकलेले असते. या टप्प्याला मात्र चेसिसचे शेवटचे पाच आकडे आपल्याजवळच राहिले पाहिजेत.

काही जण ‘अमुक संकेतस्थळावरून गाडीचा रिपोर्ट काढून पाठवा, पैसे मी नंतर देतो’ असे सांगून लिंक धाडतात. ती उघडू नये. चलानाच्या नावाने आलेली एपीके फाइलही, म्हणजे मोबाइलमध्ये ॲप बसवणारी फाइल, उघडू नये. परिवहन विभाग चलान कळवताना व्हॉट्सॲपवरून ॲप बसवायला सांगत नाही. विसार पाठवतो म्हणून क्यूआर कोड धाडणारा आणि तो स्कॅन करून पिन टाका म्हणणारा माणूस आपल्याला पैसे देत नसून आपले पैसे नेत असतो, कारण यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन लागतच नाही. आणि कोणताही ओटीपी, तो कोणत्याही नावाने आलेला असो, फोनवर वाचून दाखवू नये. पैसे गेलेच तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे.

तिसरी पायरी: प्रत्यक्ष भेट

चेसिस क्रमांक पूर्णपणे पाहण्याचा खरेदीदाराला हक्क आहे, किंबहुना न पाहता गाडी घेणारा खरेदीदार अडाणी म्हणावा लागेल. म्हणून भेटीच्या वेळी बॉनेट उघडून, टॉर्च लावून, आरसी हातात धरून दोन्ही क्रमांक त्याला ताडू द्यावेत. पाहू द्यावे, परंतु फोटो घेऊ देऊ नये, आणि हे हसतमुखाने आधीच सांगून टाकावे म्हणजे कटुता येत नाही. चोरीच्या गाड्यांची नोंद पाहण्याची राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची ऑनलाइन सोय आहे. तिथे नोंदणी, चेसिस आणि इंजिन हे तिन्ही क्रमांक लागतात. ती तपासणी त्याच्यासमोर आपल्याच मोबाइलवर करून दाखवली, तर त्याचे समाधान होते आणि क्रमांकही बाहेर जात नाहीत.

भेट घराऐवजी वर्दळीच्या ठिकाणी, दिवसाउजेडी ठेवावी. चालवून पाहायला देण्यापूर्वी समोरच्याचा वाहन परवाना पाहावा आणि आपण शेजारच्या सीटवर बसावे.

चौथी पायरी: विसार, फॉर्म आणि चेसिस प्रिंट

व्यवहार ठरून विसाराची रक्कम खात्यात प्रत्यक्ष जमा झाली, आणि ती जमा झाल्याचे आपण समोरच्याने दाखवलेल्या स्क्रीनशॉटवरून नव्हे तर स्वतःच्या बँकेच्या ॲपमध्ये पाहिले, की मग आरसीची प्रत द्यावी. छायाप्रतीवर आडवे लिहावे: ‘फक्त अमुक यांच्या नावे हस्तांतरणासाठी’, खाली तारीख आणि सही. शाई छापील मजकुरावरून गेली पाहिजे. समोरच्याकडूनही त्याच्या ओळखपत्राची अशीच प्रत घ्यावी.

हस्तांतरणासाठी फॉर्म २९ आणि फॉर्म ३० लागतात, ज्यांना आपल्याकडे सगळे टीटी फॉर्म म्हणतात. बोजा असेल तर बँकेच्या पत्रासह फॉर्म ३५ लागतो. आरटीओच्या परिसरात एजंटाच्या टेबलावर गेलात की तो फॉर्मचा कागद चेसिसवर ठेवून त्यावर पेन्सिल घासतो आणि पांढऱ्या कागदावर क्रमांक उमटतो. यालाच चेसिस प्रिंट म्हणतात. हा प्रिंट म्हणजे गाडीचा अंगठाच आहे. तो लागेल तेवढ्याच प्रतींत काढावा, बिघडलेला कागद टेबलाखाली न टाकता फाडून बरोबर आणावा, आणि ‘एकदोन जास्तीचे असू द्या’ या आग्रहाला बळी पडू नये.

त्याहून मोठी चूक म्हणजे कोऱ्या फॉर्मवर सह्या करून देणे. एजंटाला, ओळखीच्या ऑटो कन्सल्टंटला किंवा नात्यातल्या माणसालाही ते देऊ नयेत. खरेदीदाराचे नाव, पत्ता, तारीख आणि दोन्ही क्रमांक आपल्या डोळ्यांसमोर भरल्यावरच सही करावी. कोरा फॉर्म हातोहात फिरतो, गाडी तीन जणांकडे जाते आणि नोंद मात्र आपल्याच नावावर राहते. २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याच्यावरच येते. त्या प्रकरणातही गाडी पुढे पुढे विकली गेली होती.

गाडी थेट ऑटो कन्सल्टंटकडे सोडायची असेल तर तो परिवहन विभागाचा अधिकृत विक्रेता आहे का हे विचारावे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार अशा विक्रेत्याकडे गाडी सोपवल्याची सूचना फॉर्म २९-सी मध्ये ऑनलाइन द्यायची असते आणि त्यानंतर त्या गाडीची जबाबदारी त्याच्याकडे जाते. अधिकृत नसलेल्याकडे गाडी ठेवली, तर ती फक्त ठेवलेली असते, विकलेली नसते.

विजयपूर किंवा कलबुर्गीचे गिऱ्हाईक आले तर

सोलापूर सीमेवरचे शहर असल्यामुळे चौकशी करणाऱ्यांत कर्नाटकातले लोक बरेच असतात. दोन्ही शहरे शंभर किलोमीटरच्या आसपास आहेत आणि जाहिरात तिकडेही दिसते. अशा व्यवहारात फॉर्म २८ भरून आपल्या आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागते. या प्रमाणपत्रावर गाडीची सर्व ओळख असते, म्हणून ते मिळाल्याबरोबर फोटो काढून पाठवण्याऐवजी गाडी ताब्यात देताना मूळ प्रतच हातात द्यावी. कायद्याने राज्याच्या आतल्या विक्रीची सूचना विक्रेत्याने १४ दिवसांत आणि परराज्यातल्या विक्रीची ४५ दिवसांत द्यायची असते. माझे मत विचाराल तर दोन्हींसाठी १४ दिवसच धरून चालावे.

गाडी गेल्यानंतर

गाडी डोळ्यांआड झाली की आधी जाहिरात नुसती ‘विकली’ म्हणून न ठेवता काढून टाकावी, म्हणजे फोटो पुन्हा उचलले जाणार नाहीत. फास्टॅग ज्या बँकेचा आहे तिच्याकडून बंद करून घ्यावा. तो काचेवर तसाच राहिला तर पुण्याकडे निघालेला नवा मालक सावळेश्वरचा टोल आपल्या खात्यातून भरतो आणि आपल्याला पत्ता लागतो तो मोबाइलवर संदेश आल्यावर. काही दिवसांनी वाहन संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक टाकून मालकाचे नाव बदलले का ते पाहावे, आणि महिना उलटूनही बदलले नसेल तर खरेदीदाराला लेखी कळवावे.

ताबा पावतीत मात्र क्रमांक झाकू नयेत. तिथे नोंदणी, पूर्ण चेसिस आणि पूर्ण इंजिन क्रमांक, किलोमीटरचा आकडा, दोघांची नावे व सह्या, आणि दोन साक्षीदार हवेत. एक प्रत आपल्याकडे ठेवावी. तारखेच्या शेजारी वेळही लिहावी, कारण चलानावर वेळ छापलेली असते, आणि गाडी सकाळी दिली की संध्याकाळी, या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी दुसऱ्या कोणाकडेच नसते.